फुंकणं येत होतं, ओढणं शिकलो

मागच्या भाषणात आपण कर्जाच्या हप्त्याचा हिशेब कसा मांडायचा ते पाहिलं. आज वही बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते बाजाबद्दल. लग्नातला बँडबाजा नव्हे, तोंडानं वाजवायचा बाजा, ज्याला माऊथ ऑर्गन म्हणतात तो. माळेगावच्या जत्रेतून लेकरांसाठी आणतो ना, त्याचा थोरला भाऊ म्हणा. आणि त्यावर आम्ही जी गाणी शिकतोय ती आपल्याकडची नाहीत. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांची आहेत. त्या गाण्यांना ‘ब्लूज’ म्हणतात.

‘हे काय नवीन खूळ’ म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो दिवाळीला गावी आला. गटाची बैठक त्यांच्याच ओसरीवर होती. बचत गोळा झाली, सह्या-अंगठे झाले, आणि आतून रेल्वेचा आवाज आला. आमच्या मुखेडला रेल्वे नाही. गाडी बघायची तर नांदेड नाहीतर उदगीर गाठावं लागतं. सगळ्या जणी दाराकडे बघायला लागल्या. तर हा पोरगा बोटभर लांबीचा बाजा तोंडाला लावून गाडी पळवत होता. आधी हळू, मग वेगात, मध्येच शिट्टी.

एक मावशी म्हणाल्या, “चूल फुकून फुकून जीव गेला माय, आता हे बी फुकायचं का?”

तो हसला आणि म्हणाला, “मावशी, ह्यात फुकायचं कमी आणि ओढायचं जास्त.”

हे वाक्य आमच्या डोक्यात बसलं. कारण आपण बायका आयुष्यभर फुंकतच आलो. चूल फुंकली, गरम चहा फुंकला, लेकराला लागलं तर तिथं फुंकर घातली. श्वास आत घेऊन सूर काढायचा, हे आम्हाला नवीन होतं. गटात आम्ही अकरा जणी. त्यातल्या सहा जणी शिकायला बसलो.

आधी पैशाचं

पहिला प्रश्न आला तो पैशाचा. एकीचं म्हणणं, गटाच्या पैशातून दोन बाजे घ्यावेत आणि आळीपाळीनं वाजवावेत. दुसरी म्हणाली, “त्या पैशात शेळीचा विमा भरला तर काही कामाला येईल. बाजा काय दूध देणार आहे?” दोघींचंही खरं होतं. आम्ही पंचसूत्री काढून बसलो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. यात हौसेला खातं नाही. ठरलं ते असं, की गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, ज्या शिकणार त्यांनी आपापला घ्यायचा. ज्यांना एकदम जमत नव्हतं त्यांच्याकडून काकूंच्या मुलानं दोन हप्त्यांत पैसे घेतले. हे मुद्दाम सांगतोय. हौस असावी, पण तिचा हिशेब गटाच्या हिशेबात मिसळू नये.

आळीपाळीचा बेत आणखी एका कारणानं चुकीचा होता. बाजात श्वास आत-बाहेर जातो, थुंकी जाते. एकीचा खोकला, एकीचं तोंड आलेलं, ते दुसरीला. म्हणून दात घासायच्या ब्रशसारखं समजा, ज्याचा त्यानं वापरावा.

कोणता बाजा घ्यायचा

इथं आम्ही फसलो. मुलगा पुण्याहून मागवू म्हणत होता, पण आम्हाला दम नव्हता. नांदेडला मीटिंगला गेलो तेव्हा दुकानातून चांगला लांब, चोवीस घरांचा, चकचकीत बाजा घेऊन आलो. त्याला वर-खाली भोकांच्या दोन ओळी असतात. एकाच सुरासाठी दोन पात्या, त्या एकमेकींपासून किंचित वेगळ्या लावलेल्या, म्हणून आवाज थरथरता आणि गोड येतो. सिनेमातली गाणी त्यावर छान वाजतात. पण ब्लूजसाठी तो उपयोगाचा नाही, कारण त्यावर सूर वाकवता येत नाही. वाकवणं म्हणजे काय ते पुढं येईलच.

ब्लूजसाठी लागतो दहा भोकांचा लहान बाजा. त्याला एकच ओळ असते आणि वर एक ते दहा आकडे कोरलेले असतात. तो वेगवेगळ्या पट्टीत मिळतो, शिकणारीनं ‘सी’ पट्टीचा घ्यावा. तो आम्हाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर पडला. जत्रेतला पन्नास रुपयांचा घेऊ नका. त्यातून हवा गळते, आणि आपल्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

आत काय असतं

भजनातली पेटी सगळ्यांनी पाहिलीय. बाजा तिच्याच नात्यातला. दोन्हीत पितळेच्या बारीक पात्या असतात, हवा गेली की त्या थरथरतात आणि सूर येतो. पेटीला हवा भात्यातून मिळते, बाजाला आपल्या छातीतून. बाजाच्या प्रत्येक भोकात दोन पात्या असतात, एक फुंकल्यावर बोलते, दुसरी ओढल्यावर. दहा भोकं, वीस पात्या.

हे वाद्य युरोपातलं. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी मॅथियास होनर नावाच्या घड्याळजीनं १८५७ मध्ये बाजे बनवायला सुरुवात केली आणि पुढं ते जहाजं भरभरून अमेरिकेला गेले. स्वस्त, खिशात मावणारा, मोडला तर फार दुःख नाही. ज्यांच्याकडे पियानो घ्यायला पैसा नव्हता त्यांच्या हाती तो लागला.

आपल्याकडे तो सिनेमातून आला. १९५८ च्या ‘सोलवा साल’मधल्या देव आनंदच्या गाण्यात जो बाजा वाजतो तो राहुल देव बर्मन यांनी वाजवलेला. १९६४ च्या ‘दोस्ती’तल्या लंगड्या रामूचा बाजाही त्यांचाच. आणि ‘शोले’मध्ये अमिताभ पायरीवर बसून वाजवतो, वर जया भादुरी दिवे मालवत असते, तो बाजा भानू गुप्ता यांचा. आमच्या सहा जणींपैकी पाच जणींना बाजा म्हटलं की तेवढंच आठवलं.

बसायचं कसं, धरायचा कसा

ताठ बसा, खांदे सैल. एक आकडा डाव्या हाताला येईल असा बाजा धरा. डावीकडे जाडे सूर, उजवीकडे बारीक. डाव्या हाताचा अंगठा खाली, पहिलं बोट वर. उजवा हात मागून ओंजळीसारखा लावा. तो उघडला-मिटला की आवाज ‘वाऽ वाऽ’ असा येतो, लेकरू रडतं तसा. पण ते नंतर.

बाजा ओठांच्या टोकावर टेकवू नका. चांगला आत घ्या, ओठांचा ओला भाग त्याला लागला पाहिजे. आणि एका भोकाकडून दुसरीकडे जाताना बाजा सरकवा, मान नको. आम्ही आठवडाभर कणीस खाल्ल्यासारखी मान हलवत होतो आणि रात्री मान धरून बसत होतो.

पहिला आठवडा: नुसता श्वास

पहिल्या आठवड्यात सूर-बीर काही शोधू नका. पहिली तीन-चार भोकं एकदम तोंडात धरा आणि बाजातून फक्त श्वास घ्या. झोपलेलं माणूस घेतं तितका हळू. आत, बाहेर. बाजातली जुळणीच अशी असते की सुरुवातीची भोकं एकदम फुंकली तरी गोड लागतं आणि एकदम ओढली तरी गोड लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी काहीतरी वाजल्याचं सुख मिळतं.

श्वास पोटातून घ्या. बाळ झोपेत असताना त्याचं पोट वर-खाली होतं, तसं. एक काकू जोरजोरानं ओढत होत्या, त्यांना गरगरलं. गरगरलं की लगेच थांबा. जोर लावला की आवाज मोठा होत नाही, चिरका होतो, आणि पात्याही लवकर खराब होतात.

ज्यांना दमा आहे, चुलीच्या धुरानं छाती भरलेली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. परदेशात फुफ्फुसाच्या काही रुग्णांना बाजा वाजवायला लावतात हे खरं आहे. पण ते उपचाराच्या जोडीला. बाजा म्हणजे औषध नव्हे, आणि चुलीच्या धुरावर खरा उपाय धूर कमी करणं हाच.

श्वास जमला की रेल्वे. दोनदा ओढा, दोनदा फुंका, पहिला ठोका जरा जोरात. ओढ-ओढ-फुंक-फुंक. आधी मालगाडी, मग एक्स्प्रेस. छाती भरून आली की ओठ जरा सैल सोडून किंवा नाकानं हवा बाहेर सोडा. ब्लूज शिकणारे पुष्कळ जण या रेल्वेपासून सुरुवात करतात. रेल्वे नसलेल्या गावातल्या बायका आम्ही, महिनाभर रेल्वेच चालवत होतो.

दुसरा टप्पा: एकेक सूर

आता एका वेळी एकच भोक. गरम चहाच्या बशीवर फुंकर घालताना ओठांचा चंबू होतो, तसा करा. शेजारच्या भोकाचा आवाज मिसळला तर ओठ आवळण्याऐवजी बाजा आणखी थोडा आत घ्या. बहुतेक वेळा त्यानंच काम होतं.

भजन म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी सुरांची नावं सांगतो. एक नंबर फुंकला तो सा धरा. मग दहा भोकं फुंकली की ओळीनं सा ग प, सा ग प, सा ग प, सा. ओढली की रे प नी रे, म ध, नी रे, म ध. पूर्ण सप्तक मधल्या चार भोकांत मिळतं. चार फुंका सा, ओढा रे. पाच फुंका ग, ओढा म. सहा फुंका प, ओढा ध. आणि सातला उलटं होतं, आधी ओढा नी, मग फुंका वरचा सा. तिथं सगळ्या जणी अडखळतात, आम्हीही अडखळलो.

आणखी एक. दोन नंबर ओढला की पुष्कळदा नुसती घरघर येते. आम्हाला वाटलं बाजा बिघडला, परत पाठवायला खोक्यात भरला होता. बाजा बरा होता. जिभेला आणि घशाला ताण दिला की ती पाती दबते. तोंडात जांभई दिल्यासारखी जागा केली, हळू ओढलं, की दोन नंबर स्वच्छ बोलतो. या एका भोकाला आम्हाला तीन आठवडे लागले.

ब्लूज म्हणजे उलटा बाजा

आता खरी गंमत. जर्मनीत हा बाजा बनला तो तिकडच्या सरळ गाण्यांसाठी. त्यात सा फुंकून मिळतो. अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी तो उलटा धरला. म्हणजे हातात नव्हे, सुरांत उलटा. त्यांनी दोन नंबर ओढल्यावर येणारा सूर सा मानला. आपल्या गाण्यात सा बदलून तेच सूर नव्या रागासारखे लागतात, तसंच हे. सी पट्टीच्या बाजावर ते जी पट्टीत वाजवतात. असं केलं की महत्त्वाचे सूर ओढून मिळतात. दोन ओढला की सा, तीन ओढला की ग, चार ओढला की प, पाच ओढला की कोमल नी. आणि ओढलेला सूरच वाकवता येतो, निदान पहिल्या सहा भोकांत.

वाकवणं म्हणजे सूर खाली घसरवणं. आपली मींड. पेटीत मींड येत नाही. त्याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१ मध्ये थोडं उघडलं. आपल्या जालन्याकडचे आप्पा जळगावकर पेटीतून गाणं काढत ते बोटांच्या करामतीनं, मींडेचा भास निर्माण करून. पेटीला जे अवघड, ते या वीतभरही नसलेल्या बाजाला जमतं, कारण हवा आपल्या तोंडातून जाते आणि तोंडाचा आकार बदलता येतो.

कसं करायचं? चार नंबर ओढा. ओढत असतानाच तोंडात ‘ई’ म्हणताना जीभ असते तिथून ‘ऊ’ म्हणताना जाते तिथं न्या. जीभ मागं, खाली. श्वास आत घेत शीळ घालून बघा, शीळ उंचावरून खाली आणा. जीभ जशी हलते, तशीच बाजावर हलवायची. आता ‘बायकांनी शीळ घालू नये’ असं सांगणारे आमच्याही घरी आहेत. मोटार चालू असताना विहिरीवर जाऊन घातली.

ब्लूजचा खास सूर कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मध्ये कुठंतरी असतो. पेटीच्या पट्टीत तो नाही. तीन नंबर ओढून थोडा वाकवला की सापडतो, निसटतो, पुन्हा सापडतो. त्याला महिने लागतात. घाई नको.

बारा घरांचा हिशेब

ब्लूज गाण्याचा साचा ठरलेला असतो, बारा घरांचा. एका घरात चार मात्रा. ढोलकीवरच्या केरव्याच्या आठ मात्रा म्हणजे दोन घरं. म्हणजे केरव्याची सहा आवर्तनं झाली की एक फेरा पुरा.

पहिली चार भोकं तोंडात धरा. चार घरं ओढा. दोन घरं फुंका. दोन घरं ओढा. मग एक घर फक्त चार नंबर ओढा, एक घर चारही भोकं फुंका, आणि शेवटची दोन घरं पुन्हा चारही ओढा. चार, दोन, दोन, एक, एक, दोन. झाली बारा. घर ओढायचं म्हणजे एकच लांब श्वास नव्हे, चार मात्रांचे चार छोटे श्वास. चार घरं नुसतं ओढून छाती भरते, म्हणून दोन मात्रांच्या फटीत हवा सोडायची सवय लावा. एकीनं ढोलकी धरली, नसेल तर परात वाजवली, की बैठकीत बसून जमतं. आम्ही बोटांच्या पेरांवर घरं मोजतो. एका हाताच्या चार बोटांची बारा पेरं, हिशेब बरोबर बसतो.

ही गाणी कुणाची

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. पण मिसिसिपीच्या कापसाच्या रानात काळी माणसं राबतच राहिली, आता बटईनं. बियाणं मालकाचं, दुकान मालकाचं, वहीही मालकाची. हंगाम संपला की हिशेबात देणंच निघायचं. उचल फिटत नाही म्हणजे काय, हे आपल्या तालुक्यात कुणाला समजावून सांगायला नको. त्या रानातल्या, त्या घरातल्या गाण्यांतून ब्लूज आला. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं.

आणि मैत्रिणींनो, हे बायकांचंही गाणं आहे. काळ्या गायिकेच्या आवाजात ब्लूजची पहिली तबकडी निघाली ती १९२० मध्ये, मॅमी स्मिथची. तिच्यानंतर बेसी स्मिथ आली. विली मे थॉर्नटन नावाची एक बाई होती, १९२६ ची, अलाबामाची. आई लहानपणीच गेली. अंगानं थोराड म्हणून लोक तिला ‘बिग ममा’ म्हणत. ढोल आणि बाजा ती कुणाकडे न जाता आपली आपण शिकली. तिनं १९५२ मध्ये गायलेलं गाणं पुढं १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीनं गायलं आणि जगभर गाजलं. पैसा त्या बाजूला गेला, तिला फार थोडा मिळाला. पण ती शेवटपर्यंत गात राहिली आणि बाजाही वाजवत राहिली. आता ब्लूज आपल्या मुंबईतही ऐकायला मिळतो, २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत त्याचा महोत्सव भरू लागला.

हे सगळं ऐकताना आम्हाला जातं आठवलं. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही आहे. सासर, माहेर, एकटेपण, राबणं. कुणाला सांगता येत नाही ते जात्याला सांगायचं. ओवी आणि ब्लूज एकच, असं आम्ही म्हणणार नाही. त्यांचं दुःख त्यांचं, आपलं आपलं. पण आमच्या गटातल्या आजी बारा घरांचा फेरा ऐकून म्हणाल्या, “हे तर दळण घातल्यासारखं हाय की. फिरून फिरून तिथंच यायलंय.” त्यांनी ताल धरला आणि जात्यावरची आपली ओवी त्यावर घातली. पहिल्यांदा बसली नाही. चौथ्या वेळी बसली.

एका ताईची गोष्ट

सहा जणींतल्या दोघींनी सोडलं. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, “तोंडाला बाजा लावून बसती, लोक काय म्हणतील?” आम्ही घरी जाऊन बोललो, चहा झाला, पण त्या ऐकल्या नाहीत. आम्ही जास्त ताणलं नाही. बाजापायी त्या सुनेचं गटात येणं बंद झालं असतं, तर ते परवडलं नसतं. दुसरीला दुकानामुळं वेळच मिळेना.

आणखी एक ताई होती, तिनं सोडलं नाही, तिला जावं लागलं. ती आणि तिचे मालक उसतोडीला जातात. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत टोळी निघाली. तिचं शिकणं झालं होतं जेमतेम दहा दिवस. श्वास आणि रेल्वे, बस्स. बाजाचा दुसरा हप्ताही राहिला होता. ती तो पिठाच्या डब्यात फडक्यात गुंडाळून घेऊन गेली.

चैत्रात टोळी परत आली. बैठकीला ती आली, आधी राहिलेला हप्ता दिला, बचतीचे थकलेले महिने विचारले, मग पदरातून बाजा काढला. एका कोपऱ्यात चेपलेला, दोन भोकं पाचटाच्या धुळीनं मुकी झालेली. आम्हाला वाटलं विसरली असेल. तिनं चार नंबर ओढला आणि सूर खाली वाकवला. स्वच्छ. आम्ही तोपर्यंत पाच महिने तोच सूर शोधत होतो.

“कुणी शिकवलं गं?” आम्ही विचारलं.

“कोण शिकवतंय तिथं. रात्री कोपीत लेकरू झोपंना, तर हळू वाजवायचे. मोठ्यानं वाजवलं तर बाकीचे उठायचे. म्हणून आवाज दाबायला गेले, तर तो असा खाली जायला लागला.”

हे अवघड आहे असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी तिनं आम्हाला शिकवलं. हळू ओढा, दाबू नका, आतून जागा द्या. आम्ही जोर लावत होतो, चूक तिथं होती.

तिची उचल फिटली का, असं तुम्ही विचाराल. नाही फिटली. बाजानं उचल फिटत नाही. पण मुकादमाच्या वहीतला हिशेब आता गटासमोर मांडायला ती तयार झालीय, आणि पुढच्या हंगामाआधी काय करता येईल यावर आमचं बोलणं चालू आहे. त्याबद्दल वेगळ्या भाषणात सांगू. ती हंगामाला गेली नाही तर तिच्या बाजाची दोन भोकंही आपण दुरुस्त करून घेऊ.

जपायचं कसं

शेवटी जपणूक. वाजवण्याआधी चूळ भरा. तंबाखू, मशेरी, सुपारी तोंडात असताना बाजा लावायचाच नाही. एक कण पातीत अडकला की सूर गेला. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर चार वेळा आपटा, ओल निघून जाते. कोरड्या फडक्यानं पुसा, उघडा वाळू द्या, मग डब्यात ठेवा. आतली पट्टी लाकडी असेल तर पाण्यात बुडवू नका, लाकूड फुगतं. उन्हात आणि चुलीशेजारी ठेवू नका.

सराव रोज पंधरा मिनिटं पुरे. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं बरी, बचतीसारखंच. आमच्यातली एक रानडुकरं राखायला माळ्यावर जाते, ती तिथं वाजवते. तिचं म्हणणं, डुकरं येत नाहीत. आमचं म्हणणं, अजून तिला दोन नंबर नीट जमत नाही म्हणून येत नसतील.

ज्यांच्याकडे बाजा नाही त्यांना आठवडाभराचा अभ्यास देतो. दळताना, भाकरी थापताना, एस.टी.ची वाट बघताना पेरांवर बारा घरं मोजा. चार ओढ, दोन फुंक, दोन ओढ, एक ओढ, एक फुंक, दोन ओढ. श्वास नाकानं घेतला तरी चालेल. फेरा न चुकता तीनदा झाला, की तुमच्या गटाच्या बैठकीत एकीला परात वाजवायला बसवा आणि करून बघा. पुढच्या भाषणात आपली उसतोडवाली ताईच सूर कसा वाकवायचा ते वाजवून दाखवणार आहे. तिला आतापासूनच भीती वाटायलीय, म्हणून नक्की ऐका.

रामराम मैत्रिणींनो.